विजेत्यांच्या गोष्टी ऐकून नोकरीत नेमकं काय बदलतं?

मधली_फळी
ऑफिसातल्या प्रेरणा-सत्रांचा साचा आता सगळ्यांना पाठ झालाय. पडद्यावर कोणीतरी षटकार मारतं, कोणीतरी धावत येऊन फीत तोडतं, संगीत टिपेला जातं आणि वक्ता विचारतो, "मग तुमची फायनल कधी?" ऐकताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण सोमवारी तीच शीट, तेच रिव्ह्यू कॉल आणि तोच कंटाळा.

खेळातून नोकरीसाठी खरंच काही उचलता येतं, की ही सगळी करमणूकच? माझ्या मते येतं, पण आपण नेमका नको तो भाग उचलतो. आपण करंडक बघतो. १९ नोव्हेंबर २०२३ आठवा. भारतीय संघ सलग १० सामने जिंकून विश्वचषकाच्या फायनलला गेला आणि तिथे हरला. तोच कर्णधार, तोच प्रशिक्षक, त्यातलेच बरेच खेळाडू २९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये ७ धावांनी टी-२० विश्वचषक जिंकले. मला त्या सात धावांपेक्षा मधल्या सात महिन्यांत जास्त रस आहे. बढती हुकल्यावर दुसऱ्या दिवशी मुकाट लॉगिन करणाऱ्याला त्या महिन्यांबद्दल कोणी काही सांगत नाही.

अनुभव लिहा. "मेहनत करा, फळ मिळेल" सोडून काहीही चालेल.

टपावरचा
मेहनत करा, फळ मिळेल.

(राहवलं नाही. आता नीट वाचतो.)

निरांजना
चांगला विषय. मला स्वतःला उपयोगी पडलेली गोष्ट कुठल्याही फायनलची नाही, एका आकड्याची आहे. रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं होतं की कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के तो जिंकला, पण एकूण गुणांपैकी जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे इतका मोठा खेळाडूसुद्धा जवळजवळ प्रत्येक दुसरा गुण गमावत होता.

माझं काम प्रस्ताव लिहिण्याचं. बहुतेक नाकारले जातात, आणि नाकारताना कारणही कोणी देत नाही. पूर्वी एक नकार आला की तो दिवस गेलाच समजा. आता प्रस्ताव पाठवला की पुढच्याचा मसुदा त्याच संध्याकाळी उघडून ठेवते, उत्तराची वाट बघत बसत नाही. यात प्रेरणा वगैरे काही नाही, ही निव्वळ सवय आहे. पण या सवयीने मला या नोकरीत टिकवलंय.

गणिती_किडा
निरांजना, आकडा बरोबर आहे, पण त्यातली गंमत वेगळीच आहे. टेनिसची गुणपद्धतच अशी आहे की छोटी आघाडी फुगत जाते. गुणांतून गेम, गेममधून सेट, सेटमधून सामना. दर पायरीवर ५४ टक्केवाल्याचं पारडं जड होत जातं. शिवाय गेम संपला की पाटी कोरी.

नोकरीत ही पद्धत कुठे आहे? इथे ५४ टक्के बरोबर ठरलात तर उरलेल्या ४६ टक्क्यांची यादी अप्रेझलला समोर येते.

आणि ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जण उतरतात, त्यातले १२७ हरून घरी जातात. भाषणाला बोलावतात उरलेल्या एकाला. बाकीच्यांनी मेहनत कमी केली होती का?

खडूस_मास्तर
किड्याशी सहमत, असं प्रथमच घडतंय. नोंद घ्यावी.

मला या तुलनेतच खोट दिसते. खेळाडू सराव भरपूर करतो आणि स्पर्धेत त्या मानाने फार थोडा वेळ उतरतो. नोकरदार रोज स्पर्धेत उतरतो आणि सराव कधीच करत नाही. मोठ्या ग्राहकासमोरचं सादरीकरण आपण थेट त्या ग्राहकासमोरच पहिल्यांदा करतो! आणि मग म्हणतो, दडपण आलं.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या २०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. पुढचं काही दिसेना. त्याने हाताचे फटके मोजत भिंत गाठली, सुवर्ण घेतलं, वर विश्वविक्रम. कारण एका लांबीला आपले किती फटके लागतात हे त्याला सरावातून पाठ होतं. आता सांगा, प्रोजेक्टर बंद पडल्यावर आपल्यातले किती जण आपलंच सादरीकरण तोंडी पुढे नेतील? उचलायचंच तर हे उचला. बाकी "जिद्द" हा शब्द मला पोस्टरवरच शोभून दिसतो.

टपावरचा
मास्तर, आमच्याकडे प्रोजेक्टर बंद पडला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. तेवढीच खरी प्रेरणा.

पायऱ्या
सगळ्या जिंकणाऱ्यांच्याच गोष्टी चालल्यात, म्हणून ही.

१९८८ मध्ये शालेय सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला, त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुझुमदार. पुढे रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एकूण ११ हजारांहून जास्त. तरी भारतीय संघाची टोपी एकदाही मिळाली नाही, कारण मधल्या फळीत त्या काळी कोण कोण होतं ते आपल्याला माहीतच आहे.

२ नोव्हेंबर २०२५ ला भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक मुझुमदार होते. त्याच स्पर्धेत हा संघ साखळीत ओळीने तीन सामने हरला होता. जेमिमा रॉड्रिग्जला तर इंग्लंडविरुद्ध बाहेर बसवलं होतं. तीच उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ चा पाठलाग करताना नाबाद १२७ करून गेली, आणि आपल्याला किती चिंता, किती रडू येत होतं हेही नंतर तिने उघडपणे सांगितलं.

मी यातून "संयम ठेवा, कधीतरी मिळेलच" असा अर्थ काढत नाही. मुझुमदारांना हवं होतं ते मिळालं नाहीच. जे मिळालं ते दुसरंच होतं, आणि ते करायला लागणारं ज्ञान मात्र त्या न मिळालेल्या वर्षांतच साठत गेलं. मी स्वतः तांत्रिक बाजूला वर जाऊ शकलो नाही आणि आता नव्या लोकांना शिकवण्याचं काम करतो. सुरुवातीला ते दुय्यम वाटायचं. आता वाटत नाही, पण ते आपोआप झालं असंही नाही.

टपावरचा
पायऱ्या, मीही पॅड बांधून बसलोय. आमचे दोन्ही सीनियर नाबाद ६६४ वर खेळतायत आणि डाव घोषित करायचं नाव नाही.

आडवाट
:हहपुवा: (हसून हसून पुरेवाट) ६६४!

एक उलटी बाजू मांडते. जिंकल्यानंतर काय? अभिनव बिंद्राने २००८ मध्ये १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकलं, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण. त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल तो अनेकदा मोकळेपणाने बोललाय. मॅग्नस कार्लसन पाच वेळा बुद्धिबळाचा विश्वविजेता झाला आणि २०२२ मध्ये त्याने सांगून टाकलं की जगज्जेतेपदाची लढत खेळायची आता इच्छा उरलेली नाही. बुद्धिबळ सोडलं नाही, फक्त तो सामना सोडला. गादी रिकामी झाली, डिंग लिरेन आला, आणि २०२४ मध्ये सिंगापूरला आपला १८ वर्षांचा गुकेश.

मला हवी असलेली बढती मिळाली तेव्हा आनंद झाला, पण तो ईमेल वाचून होईपर्यंतच टिकला. मग कळेना की आता सकाळी उठायचं कशासाठी. त्या वेळी सगळे अभिनंदन करत असतात, त्यामुळे हे सांगायची सोय नसते. कार्लसनचं मला म्हणून आवडतं. कुठली शर्यत आपण केवळ सवयीने धावतोय हे ओळखून तेवढीच सोडणं, बाकी खेळ चालू ठेवणं.

खडूस_मास्तर
आडवाट, कार्लसनला ते परवडतं. इतर स्पर्धा आहेत, नाव आहे. तुम्ही साहेबांना सांगून बघा की तिमाही उद्दिष्टाची लढत खेळायची आता इच्छा उरलेली नाही.

जिंकल्यावर काय होतं याचं माझं उदाहरण लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबचं. २०१५-१६ च्या हंगामाआधी सट्टेबाजारात त्यांच्या विजेतेपदावर ५००० ला १ असा भाव होता, तरी इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकले. प्रशिक्षक रानिएरीचं केवढं कौतुक! एकही गोल न खाता सामना संपवलात तर पिझ्झा, अशी त्याने पैज लावली होती. मे २०१६ मध्ये करंडक, फेब्रुवारी २०१७ मध्ये हकालपट्टी. व्यवस्थापनाच्या भाषणांत पिझ्झापर्यंतचीच गोष्ट सांगतात.

अर्धशतक
क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर. २०११ च्या फायनलमध्ये धोनी युवराजच्या आधी स्वतः आला, नाबाद ९१ केल्या. नेतृत्व म्हणजे हे. संकटात पुढे होणं.

गणिती_किडा
आणि गंभीरच्या ९७?

अर्धशतक
गंभीरला कोण नावं ठेवतंय? मी नेतृत्वाबद्दल बोलतोय.

गणिती_किडा
युवराज त्या स्पर्धेत जबरदस्त फॉर्मात होता. धोनीचा निर्णय फसला असता तर आज तोच "अहंकाराने संघ कसा बुडतो" या स्लाइडवर असता. निकाल बघून धडा लिहिला जातो, एवढंच म्हणायचंय.

निरांजना
धाग्याचं क्रिकेट करू नका रे. त्यासाठी तिकडे वेगळा धागा आहे, तिथे गंभीर-धोनी अजून संपलेलं नाही.

बोनसरेषा
सगळे बॅट आणि रॅकेटवालेच आलेत म्हणून कबड्डीवाल्याने तोंड उघडावं म्हणतो.

कबड्डीत बाद झालेला खेळाडू सामन्यातून बाद होत नाही. तो बाहेर बसतो. आपल्या कोणी समोरचा गडी मारला की बाद झालेल्यांपैकी जो आधी गेला तो आधी आत येतो. त्याने स्वतः काही केलेलं नसतं, दुसऱ्याच्या गुणावर तो परत उभा राहतो. आणि आत आल्यावर त्याला कोणी विचारत नाही की मघाशी का पकडला गेलास.

मी एक छोटी टीम सांभाळतो. कोणी आजारपणातून, बाळंतपणातून, किंवा एखाद्या फसलेल्या प्रकल्पातून परत येतं तेव्हा त्याला "स्वतःला सिद्ध कर" म्हणण्याची पद्धत मला मंजूर नाही. आधी टीमने गुण कमवायचा, त्याला आत घ्यायचं, मग चढाईला पाठवायचं. आमच्याकडे एक सहकारी मोठ्या सुट्टीनंतर परतली तेव्हा पहिलं काम मुद्दाम असं दिलं की जे ती डोळे मिटून करू शकते आणि ज्याचा निकाल लगेच दिसतो. त्यानंतर अवघड काम तिने स्वतःच मागून घेतलं.

करिअरची प्रेरणा म्हटलं की सगळे एकट्या माणसाच्या डोक्यात शिरतात. माझा अनुभव असा की निम्मी तरी प्रेरणा शेजारच्या खुर्चीतून येते.

पायऱ्या
बोनसरेषा, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

चिमणीपाखरू
आमच्या आधीच्या साहेबांना "एक टक्का सुधारणा" कुठूनतरी सापडली होती. ब्रिटिश सायकलपटूंची. प्रत्येकाने रोज एक टक्का काय सुधारलं ते एका शीटमध्ये भरायचं. शीट भरण्यात जाणारा वेळ कमी करणं ही माझी पहिली सुधारणा होती, ती मंजूर झाली नाही.

गणिती_किडा
चिमणी, __/\__

ती गोष्ट अर्धी सांगतात. डेव्ह ब्रेल्सफर्ड ब्रिटिश सायकलिंग संघाचा प्रमुख होता त्या काळात ब्रिटनने बीजिंगला ट्रॅक सायकलिंगच्या १० पैकी ७ सुवर्णपदकं घेतली, हे खरं. बारीकसारीक गोष्टींत थोडी थोडी सुधारणा करत जायची ही त्यांची पद्धत, हेही खरं. पण त्याआधी कित्येक वर्षं लॉटरीच्या निधीतून त्या खेळात भरपूर पैसा आला होता. पूर्णवेळ खेळाडू, तज्ज्ञ, सगळा सरंजाम. एक टक्क्याची साय त्या दुधावरची आहे. आणि पुढे त्याच ब्रेल्सफर्डच्या टीम स्काय या सायकल संघावर २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने औषधांच्या वापराबाबत नैतिक रेषा ओलांडल्याचा ठपका ठेवला. टीमने तो नाकारला. पण सत्रांमध्ये ही स्लाइड वगळलेली असते.

शिथिला
मी फिजिओ आहे, स्पर्धात्मक खेळाडूंबरोबर काम करते. इतका वेळ वाचत होते. इथे एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. विश्रांती.

"मन लागत नाहीये" म्हणून खेळाडू येतो तेव्हा त्याला आम्ही आधी प्रेरणेबद्दल काही विचारत नाही. झोप विचारतो, सकाळची नाडी विचारतो, गेल्या काही आठवड्यांचा सराव किती होता ते बघतो. बऱ्याचदा माणूस दमलेला असतो आणि स्वतःला आळशी समजत असतो. हे दोन्ही आतून सारखंच जाणवतं, म्हणून तर घोटाळा होतो.

वर्षाचं नियोजन कसं असतं बघा. भार वाढवत न्यायचे आठवडे, मग मुद्दाम हलका आठवडा, पुन्हा भार. मोठ्या स्पर्धेआधी टेपरिंग, म्हणजे सरावाचं प्रमाण उतरवत आणायचं, तीव्रता मात्र टिकवायची. वेग तोच, फेऱ्या कमी. नवखे खेळाडू इथे घाबरतात, त्यांना वाटतं तयारी बुडाली. उलट शरीर केलेल्या सरावाचा फायदा याच काळात पदरात घेतं. आणि हंगाम संपला की ऑफ-सीझन. तो चैनीसाठी नसतो, वेळापत्रकाचाच भाग असतो.

आता ऑफिस बघा. तिमाही संपते ३१ तारखेला आणि नवी सुरू होते १ तारखेला. मोठ्या सादरीकरणाच्या आदल्या रात्री माणसं जागतात, म्हणजे टेपरिंगच्या बरोब्बर उलट. बारा महिने फायनल. अशा वेळापत्रकात जगातला कुठलाही विजेता मोडेल, आणि आपण त्याच माणसाला विजेत्याची चित्रफीत दाखवतो.

जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिंपिकमध्ये एका व्हॉल्टनंतर (धावत येऊन मारायची उडी) सांघिक फायनल सोडली, कारण हवेत असताना शरीराचा अंदाजच लागेना. त्या अवस्थेत उडी मारणं जीवावर बेतू शकतं. तेव्हा किती लोकांनी तिला पळपुटी म्हटलं! पुढच्या पॅरिस ऑलिंपिकमधून ती तीन सुवर्ण, एक रौप्य घेऊन आली.

खडूस_मास्तर
हा प्रतिसाद मात्र छापून लावण्यासारखा. शिथिलाताई, एक शंका. हलका आठवडा आपल्या हातात असतो का? मला तर वरून येणारा भार रोज सारखाच.

शिथिला
पूर्ण आठवडा नसेल हातात. पण अवघड कामं एकाच आठवड्यात गोळा होऊ न देणं काही प्रमाणात जमतं. मोठी डिलिव्हरी झाली की पुढचे दोन-तीन दिवस मी फाइल लावणं, जुन्या नोंदी पुऱ्या करणं असली कामं ठेवते. कामच असतं ते, रजा नाही. त्यामुळे कोणाची परवानगी लागत नाही.

आडवाट
अवांतर, पण इथे बसतंय. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले पदकविजेत्यांचे चेहरे तपासून मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ब्राँझवाले रौप्यवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसत होते. रौप्यवाल्याच्या डोळ्यांसमोर हुकलेलं सुवर्ण, ब्राँझवाल्याच्या डोळ्यांसमोर हुकू शकलेलं पदक. अप्रेझलच्या दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये हा अभ्यास फुकट पुन्हा करता येतो.

टपावरचा
आणि चौथा क्रमांकवाला काय करतो? (मित्रासाठी विचारतोय.)

पायऱ्या
चौथा काय करतो ते पी. टी. उषाला विचारा. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर हर्डल्स, सेकंदाच्या शंभराव्या भागाने ब्राँझ हुकलं. दोन वर्षांनी सोलच्या आशियाई स्पर्धेत तिने चार सुवर्णं जिंकली. पुढची स्पर्धा तारखेसकट ठरलेली असते, ही खेळाडूंची मोठी सोय. नोकरीत "पुढच्या वेळी बघू" म्हणतात आणि पुढची वेळ कधी हे सांगत नाहीत.

मधली_फळी
इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, टपावरच्याचेसुद्धा.

पायऱ्यांचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. सुरुवातीला मी त्या सात महिन्यांबद्दल लिहिलं होतं. संघाकडे जिद्द होती, हे आहेच. पण त्यांच्याकडे एक तारीखही होती. पुढची स्पर्धा कुठे, कधी, हे माहीत होतं. मला बढती नाकारली तेव्हा तसं काहीच नव्हतं. आता साहेबांकडे वेळ मागितलीय. "का नाही" हे विचारणार नाही, त्याचं गुळगुळीत उत्तर तयार असतं. कुठल्या तीन कामांवर पुन्हा बघणार आणि कुठल्या महिन्यात, एवढंच लेखी मागणार आहे.

मास्तरांचं सरावाबद्दलचं पटलं. "जिद्द पोस्टरवरच शोभते" हे तितकं पटलं नाही. काही दिवस असे असतात की तारीख, सराव, झोप सगळं जागेवर असूनही खुर्चीत बसवत नाही, तेव्हा दुसरं काय असतं माणसाकडे?

खडूस_मास्तर
शेजारच्या खुर्चीतला माणूस. वर बोनसरेषांनी लिहिलंय ते.

बोनसरेषा
मास्तर माझ्या बाजूने? आज काय चाललंय या धाग्यावर?

मधली_फळी, लेखी मागताय ते उत्तम. फक्त डू ऑर डाय चढाई करून घेऊ नका स्वतःची.

चिमणीपाखरू
ते काय असतं?

बोनसरेषा
प्रो कबड्डीत ओळीने दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. समोरच्यांना हे माहीत असतं, ते दबा धरून बसतात. म्हणून हुशार संघ दुसऱ्याच चढाईत बोनस (समोरची बोनस रेषा ओलांडून मिळणारा गुण) काढायला बघतो. भेटीआधीच एखादं छोटं काम पुरं करून दाखवा, एवढाच मतलब.

एकटा_जीव
मी इथे नवीन. घरून एकट्याने अनुवादाचं काम करतो. ना प्रशिक्षक, ना टीम, ना शेजारची खुर्ची. काम पाठवलं की पैसे येतात, पण चांगलं झालं की वाईट हे कोणी सांगत नाही. हळूहळू सगळंच सपाट वाटायला लागलंय. माझ्यासारख्याने खेळातून काय घ्यावं?

निरांजना
स्वागत. बुद्धिबळवाल्यांकडे बघा. डाव संपला की बरेचदा दोन्ही खेळाडू तिथेच बसून तो डाव पुन्हा मांडतात, कुठे चुकलं, कुठे दुसरी चाल होती. मिनिटापूर्वीचा प्रतिस्पर्धीच विश्लेषणाला मदत करतो. तुमच्यासारखंच काम करणारा एक जण शोधा आणि महिन्यातून एकदा एकमेकांचं एक पान तपासा. कौतुक नको, फक्त "इथे मी वेगळं केलं असतं" एवढंच. मी अशीच एका प्रस्ताव-लेखिकेबरोबर करते. आम्ही एकाच निविदेसाठी समोरासमोरही असतो कधीकधी.

गोपनीय मजकूर असेल तर अर्थात तो वगळून.

एकटा_जीव
हे जमेल असं वाटतंय. इथे कोणी अनुवादक आहे का?

आडवाट
आहे. कायदेशीर कागदपत्रं जास्त करते. चालणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.